गुरगुट्या भात आणि अक्कलदाढ

दिवाळी हा दातांचा सण आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. फराळाचं ताट समोर आलं की आपण ते आधी कानांनी खातो. चकलीचा काटा मोडल्याचा आवाज, कडबोळ्याचा कडकपणा, चिरोट्याचे सुटे पदर, शेवेची कुरकुर, चिवड्यातला तळलेला खोबऱ्याचा काप. 'खुसखुशीत' आणि 'कुरकुरीत' या दोन शब्दांवर घरोघरच्या सुगरणी पास-नापास होतात. चकली जरा मऊ पडली, असं कुणी सहज म्हटलं तरी करणारीचा चेहरा पडतो. मऊ या शब्दाला दिवाळीत मान नाही.

यंदा मला मात्र मऊ या शब्दाबद्दलच लिहायचं आहे. गेल्या रमजानमध्ये माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा शस्त्रक्रिया करून काढाव्या लागल्या आणि त्यानंतरचे जवळजवळ तीन आठवडे मी फक्त मऊ अन्नावर काढले. दाढेचं दुखणं काही नवलाचं नाही, वाचकांपैकी अनेकांनी ते काढलं असेल. पण त्या तीन आठवड्यांत जे समोर आलं, त्याचा संबंध माझ्या दाढेपेक्षा आपल्या सगळ्यांच्या गावाकडच्या घरांशी जास्त आहे. म्हणून ते मंडळाच्या अंकासाठी लिहिते आहे.

आधी दाढेविषयी थोडं. सतराव्या-अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत कधीतरी उगवणारी ही दाढ. तोवर माणसाला अक्कल आलेली असते, अशी समजूत असल्याने तिचं नाव अक्कलदाढ. मला वाटायचं, हा आपल्या मराठीचा खास मिस्कीलपणा. इथल्या नर्सने फाइलवर लिहिताना मोठ्याने म्हटलं, ''दिर्स अल-अक्ल.'' अरबीत दिर्स म्हणजे दाढ. आणि 'अक्ल' तर सांगायलाच नको. आपली अक्कल मुळात इकडूनच आलेली. लॅटिनमध्येही या दाढेला शहाणपणाचीच दाढ म्हणतात. तेव्हा वेदनेच्या बाबतीत सगळ्या भाषांचं एकमत आहे, असं समजून मी खुर्चीवर आडवी झाले.

माझ्या दाढा जबड्यात सरळ उभ्या न राहता पुढच्या दाढेला टेकून आडव्या झोपल्या होत्या. हिरडी कापून, थोडं हाड कोरून, दाढेचे तुकडे करून त्या काढाव्या लागल्या. वर टाके घातले. निघताना हातात एक कागद दिला. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, त्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच. जोरात थुंकायचं नाही. स्ट्रॉने काहीही प्यायचं नाही. गरम काही नाही, तिखट काही नाही. कारण डॉक्टरांनी छान समजावून सांगितलं. दाढ निघाली की हाडात खड्डा राहतो. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तीच जखमेचं झाकण असते. ओढून पिण्याने किंवा जोराच्या चुळीने ती निसटली, तर खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. बारीक दाणे, तीळ, मोहरी, अगदी भाताची शितंसुद्धा त्या खड्ड्यात जाऊन बसतात, म्हणून पहिले काही दिवस तीही वर्ज्य.

कागदाच्या शेवटी 'काय खावे' अशी यादी होती. दही, सूप, कुस्करलेला बटाटा, आइस्क्रीम, पुढे मऊ अंडं. पाच नावांत यादी संपली. माझ्या मनात आलं, आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हा कागद भरायला दिला असता तर तिने मागच्या बाजूलाही लिहिलं असतं.

कारण मऊपणाच्या किती पायऱ्या आपल्या भाषेत आहेत बघा. पातळ, सरसरीत, आसट, गुरगुट्या, मऊसूत, लुसलुशीत. आणि नावं ठेवायची असतील तर लिबलिबीत, गिच्च. 'आसट' आणि 'गुरगुट्या' यांतला फरक पाककृतीच्या पुस्तकात वाचून कळत नाही. तो ताटात पडणाऱ्या भाताच्या आवाजावरून कळतो. माझं माहेर कोकणातलं, तिथे आजारी माणसाला पहिली पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, वाडग्यातून भुरका मारून प्यायची. पेज हा शब्द संस्कृत 'पेया'वरून आला. आयुर्वेदात शोधनानंतर पोट पुन्हा अन्नाला लावण्याचा जो क्रम सांगितला आहे, त्यात आधी पेया, मग तिच्याहून दाट विलेपी, मग मुगासारख्या कडधान्याचं सार, अशा पायऱ्या येतात. आपल्या आज्या ग्रंथ न उघडता हाच क्रम पाळत होत्या. सासर मिरजेचं. तिथे पेज फारशी कुणी पीत नाही. तिथे ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करायची, नाचणीची आंबील करायची, मुगाचं कढण करायचं, आणि सगळ्यांत शेवटी तूप-मेतकूट-भात. मेतकूट पिठासारखं बारीक असतं, दाढेत अडकत नाही आणि चव नसलेल्या तोंडाला चव आणतं. ज्याने कुणी ते पहिल्यांदा दळलं त्याने आजारी माणूस जवळून पाहिलेला असणार.

अडचण एवढीच होती, की आमच्या घरात हे सगळं करता येणारी मी एकटी, आणि मीच आडवी. सुगरणीच्या आजारपणाची हीच गंमत आहे. परदेशातल्या घरात तर शेजारच्या खोलीतून सासू उठून येत नाही की वरच्या मजल्यावरून काकू येत नाही. नवऱ्याला चहा, मॅगी आणि ऑम्लेट येतं. जबडा आखडला होता, ओठ बधिर, बोलता येत नव्हतं. मग मुलाचा पांढरा फळा मी मांडीवर घेतला. लग्नाच्या आधी आणि नंतर मिळून आठ वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे, फळ्याचा सराव होता.

''पेज म्हणजे नक्की किती पातळ?'' नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी लिहिलं, 'चमच्यावरून ओघळली पाहिजे.'

''पटकन की हळू?''

या प्रश्नाला माझ्याकडे लेखी उत्तर नव्हतं. मी फळा उभा धरून चमच्यावरून पडणाऱ्या थेंबाचं चित्र काढलं. मुलगा दोघांच्या मध्ये निरोप पोहोचवत पळत होता. त्याला भारी मजा वाटत होती. एकदा जवळ येऊन त्याने विचारलं, ''आई, तू आता बाळ झालीस का?''

तरी तीन-चार दिवसांत आमचं गाडं रुळावर आलं. कुणाला उपयोगी पडेल म्हणून क्रम सांगते. पहिल्या दिवशी सगळं थंड, ताक आणि घट्ट दही. ताकाची इथे चिंता नाही. दुकानात मिळणारं लबन म्हणजे आपलं ताकच, थोडं दाट. पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ते सारखं करायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोमट पेज, पण गाळून. तांदूळ कोरडे भाजून मिक्सरमध्ये त्याच्या कण्या करायच्या, पाव वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, आणि शिजल्यावर चाळणीतून पिळून काढायची. म्हणजे शितं अडकायचा प्रश्न नाही. नाचणीचं पीठ इथल्या केरळी दुकानात 'रागी' या नावाने मिळतं. ते पाण्यात कालवून गुठळी न होऊ देता शिजवायचं आणि गार झाल्यावर ताक घालायचं. नुसत्या पेजेवर अशक्तपणा येतो, जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून रोज एकदा मुगाचं कढण. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तांदळाच्या पिठाची उकड. एक वाटी पीठ, दोन वाट्या आंबटसर ताक, एक वाटी पाणी, फोडणीत मोहरी न घालता फक्त जिरेपूड, हिंग आणि हळद. टाके निघाल्यावर आसट खिचडी, पातळ पिठलं, घावन, लाल भोपळ्याचं भरीत. तिसऱ्या आठवड्यात वरणात भिजवलेली पोळी. असा एक-एक पदार्थ परत मिळत गेला, जसे इयत्ता वाढताना विषय वाढतात.

आणि हे सगळं चाललं होतं रमजानमध्ये. सित्रामध्ये राहणाऱ्यांना त्या महिन्यातली संध्याकाळ माहीत आहे. समुद्रावरून पुलाने येणारी कामावरची वाहनं घराकडे धावत असतात. १९३६ सालापासून चालू असलेल्या रिफायनरीची ज्योत आकाशात दिसायला लागते. आणि मग्रिबच्या आधीच्या अर्ध्या तासात गल्लीतल्या घरांमधून झाकलेली ताटं इकडून तिकडे जायला लागतात. आमच्या शेजारी एक बहरीनी कुटुंब आहे. त्यांच्या घरातल्या आजींना सगळी गल्ली हज्जिया म्हणते, म्हणून आम्हीही. दर रमजानमध्ये त्यांच्याकडून सामोसे आणि गोड तळणीचं ताट येतं. यंदा माझा सुजलेला गाल त्यांच्या सुनेने पाहिला होता. दुसऱ्या दिवशी ताटाऐवजी झाकण घातलेला खोल वाडगा आला. हरीस.

हरीस खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गहू आणि मटण तासन्‌तास एकत्र शिजवायचं आणि मग लाकडी दांडक्याने इतकं घोटायचं की गहू कुठे संपतो आणि मटण कुठे सुरू होतं ते कळू नये. वरून तूप. 'हरीस' हा शब्दच कुटणं, चेचणं या अर्थाच्या धातूवरून आलेला आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या इब्न सय्यार अल-वर्राकच्या पाकग्रंथात या पदार्थाच्या कृती आहेत. म्हणजे हजार वर्षांपासून लोक तो घोटत आहेत. आम्ही मटण खाणारे, त्यामुळे अडचण नव्हती. आठ दिवसांनी पोटात काहीतरी भरीव गेलं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी वाडगा परत करताना त्यात रव्याची खीर घालून दिली, कारण रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. पुढच्या आठवड्यात हज्जिया स्वतः दारात आल्या. माझ्या गालाकडे बोट केलं, मग स्वतःच्या गालावर टिचकी मारली, तोंड उघडून दाखवलं आणि हसल्या. आत वरच्या दोन-तीन दातांशिवाय काही नव्हतं. सुनेने मोडक्या हिंदीत सांगितलं, ''अम्मा के वास्ते घर में हमेशा.'' म्हणजे रमजान असो वा नसो, त्यांच्या घरात मऊ काहीतरी रोज शिजतं.

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. पण त्याच आठवड्यात मिरजेहून दुसरं काहीतरी ऐकायला मिळालं.

माझे सासरे मिरजेला एकटे राहतात. वय ७८. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली. सकाळी अकराला स्वयंपाकाच्या बाई येतात, दोन्ही वेळचं करून ठेवतात आणि पुढच्या घरी जातात. रोज आपल्या साडेसहाला, म्हणजे तिकडच्या नऊला, आमचा व्हिडिओ कॉल असतो. त्यात एक प्रश्न आणि एक उत्तर ठरलेलं. ''बाबा, जेवलात का?'' ''जेवलो, जेवलो. व्यवस्थित.'' मग क्रिकेट, हवा, नातवाचा अभ्यास.

माझ्या दाढा काढल्यावर पहिल्यांदाच प्रश्न उलट दिशेने यायला लागला. ''काय गं, आज काय जेवलीस?''

त्या दिवशी मला नुकतीच पोळीची परवानगी मिळाली होती. मी मोठ्या आनंदाने सांगितलं, ''पोळी, बाबा. दुधात भिजवून.''

''दुधात नको,'' ते लगेच म्हणाले. ''दुधात पोळी वरून मऊ होते, आत चिवट राहते. तुकडे करून त्यावर गरम वरण ओत, ताटली झाक, आणि दहा मिनिटं बघायचंसुद्धा नाही. कडा आधीच काढून टाक. कडाच दगा देतात.''

दुसऱ्या दिवशी भाजीचा पाठ झाला. ''भेंडी चालते, गवार नाही, तिला शिरा असतात. पालेभाजी दिसते मऊ, पण देठ फसवतात. ते आधी खुडायचे. सफरचंद किसत बसू नकोस, अर्धं कापून चमच्याने खरवडत खायचं.'' तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं कूट. चाळून घेतलं तरी कोशिंबिरीत घालायचं नाही, वरणात घालायचं, म्हणजे भिजतं. चौथ्या दिवशी चकली. ''चहात धरायची आणि दहापर्यंत मोजायचं. बारा झाले की तुटून कपात पडते.''

सरकारी कचेरीत जन्म घालवलेला, स्वयंपाकघरात पाणी पिण्यापुरता जाणारा हा माणूस. मी विचारलं, ''बाबा, हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक?''

''त्यात ठाऊक असायला काय लागतंय,'' असं म्हणून त्यांनी विषय बदलला. मग दोन मिनिटांनी आपणहून म्हणाले, ''अगं, कवळी बोलायला असते. जेवायला नाही.''

हळूहळू सगळं बाहेर आलं. खालची कवळी गेली दोन-तीन वर्षं सैल झाली आहे. दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजत जातं, कवळी मात्र आहे तेवढीच राहते. मग ती जेवताना हलते, टोचते, खाली अन्न जाऊन बसतं. मुळात चांगल्या बसलेल्या कवळीलाही खऱ्या दातांच्या मानाने जोर फारच कमी. म्हणून जेवताना ते ती काढून डबीत ठेवतात. बाईंनी सकाळी केलेली पोळी रात्रीपर्यंत वातड होते. ती वरणात भिजवायची, वरण उरलं नसेल तर पाण्यात. लग्नाकार्यात पंगतीला बसले की वरणभात तेवढा घेतात आणि वाढणाऱ्याला 'पथ्य आहे' म्हणून सांगतात. आणि व्हिडिओ कॉलच्या आधी कवळी धुऊन घालतात. ''तुमच्याशी बोलायचं असतं ना.''

''मग बाईंना मऊ करायला का नाही सांगितलं, बाबा?''

''तिला चार घरं आहेत. एकट्या माणसासाठी वेगळं काय सांगायचं? आणि तुम्हाला तिकडे कळवून तुम्ही काय करणार होतात?''

फोन ठेवल्यावर नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ''माझे आजोबा म्हातारपणी जेवायला बसले की आई त्यांची भाकरी दुधात भिजवून, कुस्करूनच पुढे ठेवायची. त्यांनी कधी मागितलेली मला आठवत नाही.'' माझ्याही डोळ्यांसमोर माझी पणजी आली. तिचा पितळी खलबत्ता आणि त्यात कुटलेला विडा. दात नव्हते, पण विडा सुटला नव्हता. तो कुटून देणं हे घरातल्या लहान मुलींचं काम होतं. आम्ही भांडायचो, आज कुणी कुटायचा म्हणून.

इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे मला या ठिकाणी हाडांची एक गोष्ट आठवते. जॉर्जिया देशात दमानिसी नावाच्या ठिकाणी सुमारे पावणेअठरा लाख वर्षांपूर्वीच्या माणसांचे अवशेष मिळाले आहेत. त्यात एक कवटी अशी आहे, की तिच्या जबड्यात एक दात सोडून बाकी सगळे मरणाच्या बऱ्याच आधी पडलेले होते. हे कसं कळलं? दातांचे खड्डे हाडाने भरून आलेले होते. माझ्या जबड्यात आता जे चाललं आहे तेच. खड्डा भरून आला याचा अर्थ दात गेल्यावरही तो माणूस जगला, आणि बराच काळ जगला. शेतीही नसलेल्या त्या काळात त्याने काय खाल्लं असेल? काही अभ्यासकांना वाटतं, त्याच्या माणसांनी त्याला सांभाळलं, मऊ काही मिळवून, ठेचून दिलं. दुसरे म्हणतात, दात गेलेली वानरंही कधीकधी जगतात, तेव्हा एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. वाद मिटलेला नाही. आपल्या बहरीनमध्येही आली आणि आसपासच्या गावांत दिलमुन काळातले थडग्यांचे उंचवटे आहेत. एकूण ११,७७४ उंचवट्यांचा हा ठेवा २०१९ साली जागतिक वारसा यादीत गेला. या बेटावरच्या प्राचीन सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास झाला आहे. त्यात किडलेले आणि जिवंतपणीच पडलेले दात बरेच सापडले आणि अभ्यासकांनी बोट दाखवलं ते चिकट, गोड खजुराकडे. म्हणजे या बेटावर चार हजार वर्षांपूर्वीही दात पडलेली म्हातारी माणसं होती. त्यांच्यासाठीही कुणीतरी काहीतरी घोटत असणारच.

मला त्या तीन आठवड्यांत एवढंच नीट कळलं. मऊ अन्न म्हणजे ज्याचं चावण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलं आहे असं अन्न. चुलीने, खलबत्त्याने, रवीने, नाहीतर हाताने. बाळासाठी ते काम आपण कौतुकाने करतो, आजाऱ्यासाठी काळजीने करतो. दोघांचेही दिवस संपणारे असतात. बाळाला दात येतात, माझ्यासारखीची जखम भरते. म्हातारपणी मात्र ते रोजचं होतं, आणि रोजच्या गोष्टीसाठी मागायला माणसाला संकोच वाटतो. भरल्या घरात मागावं लागत नव्हतं, कारण ताट कुणाच्या तरी नजरेसमोर असायचं. उरलेल्या कडा, बाजूला सारलेली गवार, न संपलेली पोळी दिसायची. आता आपण बहरीनमध्ये, कुणी दुबईत, कुणी टोरांटोत. मोबाइलच्या पडद्यावर आपल्याला आई-वडिलांचा चेहरा दिसतो. ताट दिसत नाही.

त्यांचं काय करायचं, याचं उत्तर फार मोठं नाही. बाबांची परवानगी घेऊन मी बाईंना फोन केला. दोन आठवड्यांच्या रात्रीच्या जेवणाचं वेळापत्रक केलं, शाळेत करायचे तसं रकाने आखून. सोमवारी आसट खिचडी, मंगळवारी तांदळाची उकड, बुधवारी घावन आणि दुधी, गुरुवारी पिठलं आणि गुरगुट्या भात, असं. सकाळी केलेलं रात्री फक्त कोमट करून घेता येईल असेच पदार्थ निवडले. घावनं मात्र तेवढी पिठाचं भांडं फ्रिजमध्ये ठेवून बाबांनी स्वतः घालायची. बाई म्हणाल्या, ''आधी सांगायचं न्हवं का ताई? पोळ्या लाटत बसण्यापेक्षा मला खिचडी टाकणं सोपं.'' जूनमध्ये सुट्टीला गेलो तेव्हा बाबांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. खालची कवळी नवी करून घेतली. फरक पडला आहे. शेंगदाणे अजून जमत नाहीत. पण पोळीच्या कडा खातात.

आता दिवाळी. आपल्यापैकी बरेच जण गावाकडे फराळ पाठवतील किंवा तिथल्या कुणाला सांगून घरपोच करतील. त्या डब्यात चकली, कडबोळी, शंकरपाळे असू देत, आल्यागेल्याला लागतात. पण त्याबरोबर ज्याच्यासाठी डबा आहे त्याला खाता येईल असंही काही असू दे. टाळूला लावल्यावर विरघळणारा बेसनलाडू, नारळीपाकाचा ओलसर रवालाडू, ओल्या नारळाची करंजी. जाळीदार अनारसा दुधात टाकला की दोन मिनिटांत मऊ होतो. पातळ पोह्यांचा चिवडा खोबऱ्याचे काप आणि डाळं न घालता करावा, दह्यात कालवला की तो म्हाताऱ्या माणसांना फार आवडतो. आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेलाही सुट्टीवर आलेले आई-वडील दरवर्षी असतात. फराळाच्या टेबलावर एक बाजू मऊ पदार्थांची ठेवू या का? वेगळी पाटी नको. नुसती ठेवली की ज्याला हवं तो तिकडे वळेल. यंदा त्या बाजूच्या बेसनलाडवांची जबाबदारी माझी, आणि त्यातला एक डबा हज्जियांकडे जाईल.

आमच्या रोजच्या फोनमध्ये एक छोटासा बदल झाला आहे. ''जेवलात का?'' या प्रश्नाला ''जेवलो'' असं एका शब्दाचं उत्तर देता येतं, म्हणून तो आम्ही विचारत नाही. ''काय जेवलात?'' असं विचारतो, आणि नातू त्याच्या पुढे जाऊन ''आजोबा, ताट दाखवा'' म्हणतो. सुरुवातीला बाबा चिडायचे. आता पुष्कळदा जेवता जेवताच फोन घेतात. कवळी कधी तोंडात असते, कधी डबीत. परवा फोन लावला तर घास तोंडात होता. तो संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग म्हणाले, ''घावन. मऊ झालेत. तिसरं घेतलंय.''